किंग्सफील्डच्या वर्गातली भीती

माझी पीएचडी कायद्याच्या शिक्षणावर आहे म्हटलं की कुणीतरी हमखास 'द पेपर चेस'चं नाव काढतं. १९७३ चा हा सिनेमा हार्वर्ड लॉ स्कूलमधल्या पहिल्या वर्षाची गोष्ट सांगतो. परवा तो पुन्हा पाहिला. मजा आली, पण एक गोष्ट खटकली.

करार कायद्याचा पहिलाच तास. प्रोफेसर किंग्सफील्ड (जॉन हाउसमन, याच भूमिकेसाठी ऑस्कर) हार्टला 'हॉकिन्स विरुद्ध मॅगी' या खटल्याबद्दल विचारतात. अभ्यास बोर्डावर आधीच लागलेला असतो, हार्टला त्याचा पत्ताच नसतो. तास संपल्यावर तो बाथरूममध्ये जाऊन ओकतो.

या पद्धतीचं मूळ लँगडेल यांच्याकडे. १८७० मध्ये ते तिथले डीन झाले आणि १८७१ मध्ये त्यांनी करार कायद्यावरचं निकालांचं पुस्तक काढलं. सरांनी सांगितलेले नियम पाठ करण्याऐवजी विद्यार्थ्यांनी मूळ निकाल वाचायचे, प्रश्नोत्तरांतून नियम शोधायचा. रसायनशास्त्राला जशी प्रयोगशाळा तसं कायद्याला ग्रंथालय, असं ते मानत. म्हणजे प्रश्न हे इथलं हत्यार. भीती नव्हे. सिनेमा मात्र दोन्ही एकच करून टाकतो.

गंमत म्हणजे उत्तर त्याच खटल्यात आहे. डॉक्टरने हात शंभर टक्के चांगला करून देतो म्हणून सांगितलं, छातीची कातडी तळहाताला लावली, तर तिथे केस उगवले! १९२९ च्या निकालात कोर्ट म्हणालं: कबूल केलेला हात आणि मिळालेला हात यातल्या फरकाची भरपाई द्या. ऑपरेशनच्या वेदनेची वेगळी नाही, कारण ती सोसायला रुग्ण तयारच होता.

सिनेमाही विद्यार्थ्यांबद्दल हेच म्हणतो: चांगला वकील व्हायचंय ना? मग त्रास गृहीतच धरा. पाठांतरात हुशार असलेला केव्हिन आत्महत्येचा प्रयत्न करतो, आणि गोष्ट त्याला मागे टाकून पुढे जाते. शिवाय हा त्रास सगळ्यांना सारखा नव्हता. या स्कूलने बायकांना प्रवेशच १९५० मध्ये दिला. १९५६ ला रूथ बेडर गिन्सबर्ग आल्या तेव्हा पाचशेहून जास्त मुलांत नऊ जणी होत्या, आणि डीननी त्यांना जेवायला बोलावून विचारलं, पुरुषाची जागा का अडवलीत?

हे मला का लागतंय? मागच्या सत्रात मी ट्यूटोरियल घेत होते. एका मुलीला प्रश्न विचारला आणि उत्तर येईपर्यंत मुद्दाम गप्प राहिले. किंग्सफील्डसारखी! वर्ग एकदम शिस्तीत आला, मला बरंही वाटलं. ती मुलगी त्यानंतर सत्रभर एकदाही बोलली नाही.

सिनेमातला सगळ्यात चांगला प्रसंग रात्रीचा आहे. हार्ट आणि त्याचा मित्र चोरून ग्रंथालयात शिरतात आणि किंग्सफील्ड विद्यार्थी असतानाच्या त्यांच्या हस्तलिखित नोट्स वाचतात. म्हणजे हा माणूसही कधीतरी बाकावर बसून धडपडत होता. दिग्दर्शक जेम्स ब्रिजेस यांनी इथे थांबायला हवं होतं. पण पुढे वर्ष संपल्यावर किंग्सफील्डना हार्टचं नावही आठवत नाही, आणि सिनेमा त्यालाही थोरपणा समजतो.

सिनेमा जरूर पाहा. फक्त शिकवणारे असाल तर त्यातून प्रश्न उचला, दरारा नको.