मुशी : प्रयोगवहीतली आणि समुद्रातली

पोशीरची नदी उल्हासला मिळते आणि उल्हासचे पाणी वसईच्या खाडीतून समुद्रात जाते. कर्जत-खालापूरच्या वर्गांतून समुद्र दिसत नाही; पण त्या किनाऱ्यावरची एक छोटी मुशी प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी पाहिली आहे, तीही ट्रेमध्ये, पोट फाडलेली. स्कोलिओडॉन हे तिचे पुस्तकी नाव.

१९२८ साली लखनौच्या प्राध्यापिका ई. एम. थिल्लयंपलम यांनी 'इंडियन झूऑलॉजिकल मेमॉयर्स' या मालेत तिच्या शरीररचनेवर पुस्तिका लिहिली. विलायती माशाऐवजी आपल्या समुद्रातला मासा विद्यार्थ्यांपुढे आला, हे मोठेच काम. तक्रार आहे ती पुढच्या अध्यापनाबद्दल. मेंदूच्या चेता बिनचूक काढणाऱ्या विद्यार्थ्याला मुशी पिल्ले किती देते, हे आपण क्वचितच विचारले.

खरे तर नवल तिथेच आहे. तिचे अंडे जेमतेम १ मिलिमीटरचे, शार्कांमध्ये सर्वांत लहान. त्यात पिवळ बलक जवळजवळ नसतोच. मग गर्भ वाढतो कशावर? आईच्या शरीराशी जोडलेल्या अपरेवर, म्हणजे वारेवर! जन्मतः पिल्लू सुमारे १३ ते १५ सेंमी असते. बांगडा हजारो अंडी सोडतो. मुशीची पिल्ले एका वेळी बहुधा ६ ते १८. ती एक-दोन वर्षांत वयात येते, म्हणून मोठ्या शार्कांपेक्षा अधिक तग धरते. पण डोल आणि ट्रॉलच्या जाळ्यांत पिल्लेही येतात. आंतरराष्ट्रीय लाल यादीत ती 'संकटसमीप' गटात आहे.

कायद्याचेही आपल्या अध्यापनासारखेच झाले. जुलै २००१ मध्ये सर्व शार्क व पाकट वन्यजीव कायद्याखाली आले. डिसेंबरात यादी दहा जातींवर आली आणि ही मुशी बाहेर राहिली. २०२२ च्या साइटिस परिषदेत तिच्या संपूर्ण कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठरले; मुंबईच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मुशीला ते लागू नाही. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदने बंद करण्यास सांगितले. ते योग्यच, पण जाळ्यांतल्या मुशींपुढे ट्रेमधल्या मुशी त्या किती?

मादी साधारण ३३ ते ३५ सेंमीला वयात येते. बाजारात ताजी मुशी दिसली, तर विद्यार्थ्यांना फूटपट्टी घेऊन पाठवावे.