जकातदाराचे गाणे आणि परुश्याचे गाणे

संत लूकच्या शुभवर्तमानातील परुशी आणि जकातदार यांचा दाखला आपण अनेकदा ऐकला आहे. एक जण मंदिरात ताठ उभा राहून, आपण इतर माणसांसारखे नाही, याबद्दल देवाचे आभार मानतो. दुसरा वर पाहण्याचेही धाडस न करता आपले पाप कबूल करतो. दोघांच्याही ओठी प्रार्थनाच आहे. फरक आहे तो बोट कोणाकडे रोखले आहे याचा. साहित्याचे मूल्यमापन करतानाही हा निकष उपयोगी पडतो. संत ऑगस्टीनचे आत्मनिवेदन सोळाशे वर्षांनंतरही वाचले जाते, कारण त्या ग्रंथातील बोट सतत लेखकाच्या स्वतःच्या छातीकडे वळलेले आहे.

हाच निकष अमेरिकेतील रॅप गायक केंड्रिक लमार याच्या काव्याला लावून पाहण्याचा हा प्रयत्न आहे. आपली मुले कानांत इअरफोन घालून जे ऐकतात, त्यात वडीलधाऱ्यांना शिवीगाळ तेवढी ऐकू येते. ती आहेच, परंतु त्यापलीकडेही काही आहे.

रॅप म्हणजे ठेक्यावर, द्रुतगतीने म्हटलेले काव्य. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत ते जन्मले. लमारचा जन्म १९८७ सालचा, लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टन या गावचा. गुंडांच्या टोळ्या, अमली पदार्थ आणि अकाली मृत्यू यांच्या छायेत तो वाढला. त्या परिसरातून आलेले कित्येक रॅपर हिंसेची फुशारकी मारीत होते. लमारने मात्र, त्या हिंसेत आपला वाटा किती, हा प्रश्न स्वतःला विचारला आणि तोच त्याच्या काव्याचा कणा झाला.

त्याचे रचनाकौशल्य या प्रश्नाच्या सेवेत राबते. यमक केवळ चरणाच्या अखेरीस येत नाही. ते चरणाच्या पोटात, अनेक अक्षरांची साखळी होऊन खेळत राहते. एकाच गीतात तो आवाजाची पट्टी बदलून वेगवेगळी माणसे उभी करतो. २०१२ सालच्या 'गुड किड, मॅड सिटी' या संग्रहातील 'सिंग अबाउट मी' हे गीत पाहावे. पहिल्या कडव्यात भावाच्या खुनाने पेटलेला मित्र बोलतो आणि बोलता बोलताच गोळ्यांच्या आवाजात त्याचा शब्द तुटतो. दुसऱ्या कडव्यात एक स्त्री कवीलाच जाब विचारते : माझ्या मृत बहिणीची लाजिरवाणी कहाणी तू गाण्यात का मांडलीस? आपण विरून जाणार नाही, असे ती बजावत असतानाच तिचा आवाज क्षीण होत जातो. आपल्यावरील आरोपाला आपल्याच गीतात जागा देणारा कवी विरळा. पुढे सूडासाठी निघालेल्या तरुणांना एक वृद्धा अडवते, तुम्ही तहानेने मरत आहात असे सांगते आणि त्यांच्याकडून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणवून घेते. याकोबाच्या विहिरीवरील शोमरोनी स्त्री येथे कोणाला आठवणार नाही?

२०१५ सालच्या 'टू पिंप अ बटरफ्लाय' या संग्रहात हे आत्मपरीक्षण अधिक कठोर होते. एका गीतात वर्णद्वेषावर संतापाने तुटून पडणारा निवेदक प्रत्येक कडव्याच्या आरंभी स्वतःला दांभिक म्हणवतो. का, ते शेवटी कळते : एका कृष्णवर्णीय मुलाच्या हत्येवर अश्रू ढाळणाऱ्या त्याच्याच हातून टोळीयुद्धात आपल्याच वर्णाच्या माणसाचा खून झालेला आहे. दुसऱ्या एका गीतात, दक्षिण आफ्रिकेतील पेट्रोलपंपावर, तो एका भिकाऱ्याला क्षुल्लक रक्कम नाकारतो; भिकारी साक्षात देव निघतो. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायाचे एवढे थेट विवरण आधुनिक गीतांत क्वचितच आढळेल.

२०१७ सालच्या 'डॅम' या संग्रहाला २०१८ मध्ये संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. अभिजात संगीत आणि जॅझ यांच्याबाहेरील कृतीला हा मान प्रथमच लाभला. त्यातील अखेरचे गीत एका खऱ्या प्रसंगावर आधारले आहे. लमारचे वडील चिकनच्या एका दुकानात नोकरी करीत असताना, दरोड्याच्या बेतात असलेल्या एका तरुणाला जास्तीचे खाणे फुकट देत. त्यामुळे त्या तरुणाने त्यांना इजा केली नाही. वर्षांनंतर त्याच माणसाच्या ध्वनिमुद्रण संस्थेने लमारला पुढे आणले. वडिलांच्या त्या औदार्यात थोडी भीतीही मिसळलेली होती, हे गीत लपवीत नाही. अशा भेसळीच्या सत्कृत्यातूनही देवाची कृपा वाट काढते, हे आपण आपल्या घराघरांतून अनुभवतोच.

२०२२ सालच्या संग्रहाच्या मुखपृष्ठावर तो काटेरी मुकुट घालून उभा आहे. हे पाहून आपल्यापैकी अनेकांना वेदना होतील, आणि त्या रास्त आहेत. परंतु त्याच संग्रहात, मी तुमचा तारणारा नव्हे, असे तो श्रोत्यांना स्पष्ट बजावतो आणि स्वतःच्या व्यभिचाराची कबुली देतो.

आणि मग आले २०२४ साल. ड्रेक या प्रतिस्पर्धी गायकाशी झालेल्या वादात लमारने 'नॉट लाइक अस' हे गीत प्रसिद्ध केले. शीर्षकाचाच अर्थ : आमच्यासारखे नव्हेत. त्यात प्रतिस्पर्ध्यावर अत्यंत गंभीर आरोप आहेत. ड्रेकने ते नाकारले आहेत; न्यायालयात ते सिद्ध झालेले नाहीत. गीताचा ठेका पकड घेणारा, कोट्या चपळ, यमके धारदार. २०२५ मध्ये त्याला पाच ग्रॅमी पुरस्कार मिळाले आणि त्याच फेब्रुवारीत सुपर बोलच्या मैदानावर हजारो लोकांनी ते एका सुरात म्हटले. कौशल्य तेच, पण ज्या 'मी'ची पूर्वी कठोर झडती होत असे, तो येथे न्यायाधीशाच्या आसनावर बसला आहे. जकातदाराने परुश्याची प्रार्थना म्हटली आणि मैदान नाचले. रचना म्हणून हे गीत उणे नाही. काव्य म्हणून ते त्याच्या आधीच्या गीतांहून खुजे आहे, असे माझे मत आहे.

त्याच्या काव्यात इतरही दोष आहेत. भाषा अनेक ठिकाणी असभ्य आहे आणि स्त्रीविषयीचे उल्लेख कित्येकदा अवमानकारक आहेत. ही गाणी कोवळ्या वयाच्या मुलांसाठी नाहीत, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. मात्र घरातील तरुण ती ऐकतच असतील, तर केवळ आवाज बंद करण्यापेक्षा जवळ बसून एक प्रश्न विचारावा : या गाण्यात बोट कोणाकडे रोखले आहे? पापनिवेदनाला गुडघे टेकणाऱ्या कुटुंबात हा प्रश्न परका वाटू नये. दुसऱ्याचे पाप मोठ्याने सांगितले की टाळ्या लवकर मिळतात. परंतु दाखल्यातील दोघांपैकी नीतिमान ठरून घरी कोण गेला, हे प्रभूने आधीच सांगून ठेवले आहे.