नियमन की निर्धारण? : वन्य कृंतकांतील यौवनारंभ आणि जनुकांची भाषा

‘अमुक जनुक यौवनारंभ ठरवते’ हे विधान जीवशास्त्रविषयक लेखनात आता इतके रुळले आहे की त्यातील क्रियापदापाशी कोणी थांबत नाही. विधान निराधार आहे असे नाही. २००३ मध्ये फ्रान्स व अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, जीपीआर-५४ या ग्राही प्रथिनाच्या जनुकात दोष असलेल्या व्यक्ती वयात येत नाहीत. हेच जनुक निकामी केलेले उंदीरही लैंगिकदृष्ट्या अपक्व राहतात. या ग्राहीस उद्दीपित करणारे किसपेप्टिन हायपोथॅलॅमसमध्ये तयार होते आणि त्याच्या प्रेरणेने प्रजनन-संप्रेरकांची साखळी कार्यरत होते. गंमत अशी की, किसपेप्टिनचे किस-१ हे जनुक १९९६ मध्ये कर्करोगाचा प्रसार रोखणारे जनुक म्हणून उजेडात आले, आणि त्याचे नाव पेनसिल्व्हेनियातील हर्शी गावच्या प्रसिद्ध चॉकलेटावरून पडले.

तथापि, ज्यावाचून कार्य अडते तेच कार्याची वेळही ठरवते, असा निष्कर्ष यातून काढता येत नाही. तो सहजपणे काढला जातो याचे एक कारण प्रयोगशाळेतील उंदीर हे आहे. सर्वाधिक वापरात असलेल्या सी-५७ ब्लॅक-६ या वाणात जनुकीय दोषामुळे मेलाटोनिन जवळजवळ तयारच होत नाही. रात्रीची लांबी, पर्यायाने ऋतू, शरीराला कळवणारे संप्रेरक हेच. बारमाही अन्न, ठराविक प्रकाश आणि लवकर विणाऱ्या माद्यांची पिढ्यान्‌पिढ्या निवड यांतून घडलेल्या या प्राण्याला ‘केव्हा’ हा प्रश्न विचारणे म्हणजे घड्याळ नसलेल्या घरात वेळ विचारण्यासारखे आहे.

रानातील चित्र निराळे दिसते. उत्तर अमेरिकेतील प्रेअरी व्होलची मादी आपल्या बापभावांच्या सहवासात माजावर येत नाही; अनोळखी नराच्या मूत्राचा गंध मिळाल्यावरच तिची अंडाशये जागी होतात. जनुके तीच, परंतु त्यांना कौल देणारा बाहेरचा. लहान दिवसांत ठेवलेल्या सोनेरी हॅमस्टरचे वृषण आकसतात व किस-१ ची अभिव्यक्तीही घटते. २००६ मधील एका प्रयोगात अशा नरांच्या मेंदूत किसपेप्टिन सोडले असता वृषण पुन्हा कार्यक्षम झाले. ‘ठरवते’ म्हणणाऱ्यांना हा पुरावा सोयीचा वाटतो. परंतु २००८ मध्ये सायबेरियन हॅमस्टरना टोचून दिलेल्या किसपेप्टिनमुळे वृषणांचे आकसणे थांबले नाही. देण्याची पद्धत भिन्न होती हे खरे. तरीही एका जातीवरून कृंतकांच्या अवघ्या गणाविषयी बोलण्याची घाई येथे उघडी पडते.

याहून बोलके उदाहरण पांढऱ्या पायांच्या उंदराचे. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग परिसरात पकडलेल्या या उंदरांपैकी काही लहान दिवसांत प्रजनन थांबवतात, काही थांबवत नाहीत. कृत्रिम निवडीने त्यांच्यापासून दोन भिन्न वंश तयार करता आले, म्हणजे हा फरक आनुवंशिक आहे. येथे जनुकांचे महत्त्व कमी होत नाही, उलट वाढते. मात्र ते आहे ते दिवसाच्या लांबीला प्रतिसाद द्यावा की देऊ नये, या प्रवृत्तीत. सौम्य हिवाळ्यात न थांबणाऱ्याची पिल्ले जगतात, कडक हिवाळ्यात थांबणाऱ्याचा जीव वाचतो, आणि पुढचा हिवाळा कसा असेल हे कोणत्याही जनुकात लिहिलेले नसते.