'रोझॅन' : कष्टकरी घराचा विनोद आणि त्याची मालकी

१. प्रस्तावना

एखादी जुनी विनोदी मालिका तुम्हाला का आवडते, असे विचारले तर 'ती आमच्या घरासारखी वाटते' असे उत्तर बहुधा मिळते. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. थकलेले वीजबिल हेही आपल्या घरातलेच असते, पण ते हातात पडल्यावर कोणाला हसू येत नाही. मग त्याच बिलावर रचलेला प्रसंग लोक आवडीने का पाहतात? केवळ साम्य एवढेच कारण असते, तर कंटाळा आणि काळजी यांचेही आकर्षण वाटले असते.

या पाठात आपण 'रोझॅन' या अमेरिकन मालिकेच्या आधारे या प्रश्नाचा विचार करू. ही मालिका तुम्ही पाहिलेली नसली तरी चालेल. आवश्यक ते प्रसंग येथे सांगितले आहेत. पाठ वाचताना एक प्रश्न सतत मनाशी ठेवा : या घरात विनोद कोण करतो, आणि कोणावर?

२. मालिकेची ओळख

'सिटकॉम' म्हणजे प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका. ठरलेली पात्रे, ठरलेल्या दोन-तीन जागा आणि दर भागात एक नवा प्रसंग, अशी तिची रचना असते. जाहिराती वगळता एक भाग साधारण २२ मिनिटांचा असतो. अशा अनेक मालिका स्टुडिओत प्रेक्षकांसमोर चित्रित होत, म्हणून त्यांत हशा ऐकू येतो.

'रोझॅन' ही मालिका एबीसी वाहिनीवर १८ ऑक्टोबर १९८८ रोजी सुरू झाली आणि २० मे १९९७ पर्यंत तिची नऊ पर्वे झाली. इलिनॉय राज्यातील लॅनफर्ड या काल्पनिक गावात कॉनर कुटुंब राहते. रोझॅन (रोझॅन बार) सुरुवातीला प्लास्टिकच्या कारखान्यात काम करते. तिचा नवरा डॅन (जॉन गुडमन) घरांच्या आतल्या भिंती बसवण्याची छोटी कंत्राटे घेतो. कधी काम मिळते, कधी नाही. बेकी, डार्लीन आणि डी. जे. ही त्यांची मुले. रोझॅनची धाकटी बहीण जॅकी (लॉरी मेटकाफ) जवळच राहते आणि दिवसातला बराच वेळ याच स्वयंपाकघरात असते. १९८९-९० च्या हंगामात ही मालिका लोकप्रियतेत 'द कॉस्बी शो'च्या बरोबरीने पहिल्या क्रमांकावर होती.

३. आधीची परंपरा : हसू कोणावर?

कष्टकरी कुटुंब अमेरिकन दूरचित्रवाणीला नवे नव्हते. १९५५-५६ मधील 'द हनीमूनर्स' या मालिकेच्या ३९ भागांत राल्फ क्रॅमडेन हा न्यूयॉर्कचा बसचालक मध्यवर्ती आहे. तो झटपट श्रीमंत होण्याच्या युक्त्या काढतो, त्या फसतात, आणि त्याची समंजस बायको ॲलिस ते आधीच ओळखून असते. १९७१ साली सुरू झालेल्या 'ऑल इन द फॅमिली'मध्ये आर्ची बंकर हा मालधक्क्यावरचा मुकादम आहे. तो पूर्वग्रहांनी भरलेला असून शिकणाऱ्या जावयाशी रोज वाद घालतो.

दोन्ही मालिका थोर आहेत आणि दोन्हींत नायकाबद्दल माया आहे. तरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. या दोन्ही मालिकांत कष्टकरी माणूस मुख्यतः हसण्याचा विषय असतो. त्याची आकांक्षा हास्यास्पद ठरते किंवा त्याचे अज्ञान. प्रेक्षकाला त्याच्यापेक्षा थोडे अधिक कळते, आणि हसू त्या उंचीवरून येते.

१९८४ पासून 'द कॉस्बी शो' गाजत होता. त्यातील नवरा डॉक्टर आणि बायको वकील आहे. त्या घरात प्रश्न येतात, पण पैशाचा प्रश्न क्वचितच येतो. कार्सी-वर्नर या ज्या निर्मितीसंस्थेने ती मालिका केली, तिनेच 'रोझॅन' केली. एकाच संस्थेच्या या दोन घरांतील अंतर पाहण्यासारखे आहे.

४. विनोदाची मालकी

'रोझॅन'मधील महत्त्वाचा बदल असा, की येथे कष्टकरी बाईच विनोद करते. तिला परिस्थिती प्रेक्षकाइतकीच कळते, किंबहुना आधी कळते. प्रेक्षक तिच्यावर हसत नाही. तिने केलेल्या शेऱ्यावर तिच्या बाजूने हसतो. या मालिकेचे आकर्षण मुख्यतः येथे आहे, असे या पाठाचे प्रतिपादन आहे.

पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग याचा उत्तम पुरावा आहे. कारखान्यात नवा सुपरवायझर येतो आणि उत्पादनाचा कोटा वाढवतो. बायकांना तो झेपत नाही. रोझॅन त्याच्याशी बोलायला जाते तेव्हा तो सौदा करतो : तिने आपली जीभ आवरायची, इतरांसमोर त्याच्याशी आदराने वागायचे, म्हणजे तो कोटा कमी करील. ती कबूल होते आणि गप्प राहते. पुढे तोच शब्द मोडतो. तेव्हा ती काम सोडून बाहेर पडते. मागोमाग जॅकी आणि इतर काही सहकारी बायकाही निघतात.

सौद्यातील वस्तू कोणती आहे ते पाहा. तिचे श्रम त्याला आधीच मिळत होते. त्याला हवी होती तिची थट्टा करण्याची मोकळीक. साहेबाला ती विकत घ्यावीशी वाटते, यावरूनच ती किती मोलाची आहे हे कळते. पगार, पाळी आणि कोटा कारखाना ठरवतो. तोंडातला शब्द मात्र अजून कामगाराच्या मालकीचा असतो.

येथे मालिका खोटा विजय दाखवत नाही, हेही महत्त्वाचे आहे. नोकरी जाते ती जातेच. पुढच्या पर्वात रोझॅन एकामागून एक किरकोळ कामे करते : फोनवरून विक्री, केशकर्तनालयात झाडलोट, कोंबडीचे पदार्थ विकणाऱ्या दुकानात काउंटरवरचे काम. या दुकानात तिचा साहेब एक किशोरवयीन मुलगा असतो. शनिवार-रविवार मोकळे मिळावेत म्हणून ती त्याला घरी जेवायला बोलावते, त्याची मर्जी राखते, आणि तरीही तिला कामावरून कमी केले जाते. प्रसंग विनोदी आहे, पण हसताना आपल्याला अस्वस्थ वाटते. स्वतःच्या मुलांच्या वयाच्या मुलासमोर आर्जव करावे लागण्यातील अपमान विनोदाने झाकला जात नाही. उलट तो स्पष्ट दिसतो.

५. पैसा : पार्श्वभूमी नव्हे, कथानकाचा कणा

सिटकॉमचा एक अलिखित नियम असतो. भागाच्या शेवटी सर्व काही पूर्ववत व्हायचे, म्हणजे पुढच्या आठवड्यात कोणताही प्रेक्षक कोठूनही सुरुवात करू शकतो. 'रोझॅन' हा नियम पैशाच्या बाबतीत मोडते. गेलेला पैसा पुढच्या भागात परत येत नाही.

मोटारसायकलच्या दुकानाची गोष्ट घ्या. डॅनला मोटारसायकलींची हौस आहे. तो बेभरवशाची कंत्राटे सोडून स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढतो. काही काळाने दुकान बुडते. एवढ्यावर गोष्ट संपत नाही. बेकीच्या कॉलेजसाठी पैसे उरत नाहीत. दुकानात काम करणाऱ्या मार्कची, म्हणजे बेकीच्या मित्राची, नोकरी जाते आणि त्याला कामासाठी दुसऱ्या शहरात जावे लागते. अभ्यासात हुशार असलेली बेकी रागाने आणि निराशेने त्याच्याशी पळून जाऊन लग्न करते. डॅनला हा घाव दीर्घकाळ सोसावा लागतो.

आता ही साखळी उलट दिशेने वाचा. वरवर पाहता 'मुलगी पळून गेली' ही घरगुती गोष्ट आहे. दुसऱ्या एखाद्या मालिकेत तिचे कारण मुलीच्या स्वभावात किंवा आईवडिलांच्या शिस्तीत शोधले गेले असते. येथे कारणांचा माग एका बंद पडलेल्या दुकानापर्यंत जातो. कोणी वाईट नाही, कोणी फार चुकलेही नाही. चूक सोसण्याइतकी पुंजी या घराजवळ नव्हती, एवढेच. वर्ग म्हणजे काय, याची ही सोपी आणि अचूक व्याख्या आहे : श्रीमंत घरात जी चूक अनुभव म्हणून जमा होते, ती येथे एका मुलीचे शिक्षण घेऊन जाते.

मालिकेचे दृश्यरूपही याला धरून आहे. जुना सोफा, त्याच्या पाठीवर क्रोशाने विणलेले रंगीबेरंगी पांघरूण, पसाऱ्याने भरलेले स्वयंपाकघर. शीर्षकगीताच्या वेळी कॅमेरा जेवणाच्या टेबलाभोवती फिरतो आणि शेवटी रोझॅनचे मोठ्याने हसणे ऐकू येते. घराची ओळख वस्तूंवरून होते, पण शेवटचा आवाज तिच्या हसण्याचा असतो.

६. जेथे विनोद थांबतो

विनोद ही ढाल असेल, तर ढालीमागे काय आहे हेही दाखवावे लागते. दुसऱ्या पर्वातील एका भागात डार्लीनची कविता शाळेतील कार्यक्रमासाठी निवडली जाते. डार्लीन ही आईसारखीच तिखट जिभेची, खेळात रमणारी मुलगी. तिला ती कविता कोणासमोर वाचायची नसते. आई हट्टाने वाचायला लावते. कविता ऐकल्यावर कळते, की सतत टोमणे मारणारी ही मुलगी आतून किती एकटी आहे. आईचे डोळे भरून येतात. आपलीच ढाल मुलीच्या हातात गेली आहे हे तिला त्या क्षणी दिसते.

पुढे एका भागात जॅकीला तिचा जोडीदार मारहाण करतो. त्या वेळी या बहिणींच्या बालपणी त्यांच्या वडिलांनी दिलेल्या माराचा संदर्भ येतो. त्यामुळे रोझॅनचे बोलणे केवळ स्वभावाचा भाग राहत नाही. त्याला एक इतिहास मिळतो.

७. नववे पर्व : एक उलटा पुरावा

एखाद्या कलाकृतीचे बळ कशात होते, हे कधीकधी तिच्या अपयशावरून नीट कळते. १९९६ मध्ये सुरू झालेल्या नवव्या पर्वात कॉनर कुटुंबाला १०.८ कोटी डॉलरची लॉटरी लागते. पात्रे तीच, नटही बहुतेक तेच. पण अनेक प्रेक्षकांना हे पर्व पोकळ वाटले. वरील विवेचन मान्य असेल तर कारण सांगणे कठीण नाही. जिच्याजवळ शब्दाखेरीज काहीच नव्हते, तिच्याजवळ आता सर्व काही आहे. तिच्या शेऱ्यांना उभे राहायला जागाच उरली नाही.

अखेरच्या भागात उलगडा होतो, की लॉटरी लागलीच नव्हती. डॅन हृदयविकाराने वारला होता, आणि त्या दुःखात रोझॅन आपल्या कुटुंबाची कथा हवी तशी बदलून लिहीत होती. हा शेवट अनेकांना खटकला. तरी त्यातून एक सुसंगत अर्थ निघतो : परिस्थिती बदलता येत नाही, पण तिची गोष्ट कोणी सांगायची हे ती स्वतः ठरवते.

८. मर्यादा आणि एक अवघड प्रश्न

समीक्षेत केवळ गुण सांगून भागत नाही. कॉनर कुटुंब गोरे आहे. १९९४ मधील एका भागात डी. जे. शाळेच्या नाटकात एका कृष्णवर्णीय मुलीचे चुंबन घेण्यास नकार देतो. रोझॅनला लाज वाटते; आपल्या घरात असे काही नाही, अशी तिची समजूत असते. त्या रात्री उपाहारगृह बंद करताना दाराशी एक कृष्णवर्णीय पुरुष येतो आणि ती घाबरून दार उघडत नाही. तो त्या मुलीचा बाप असतो. मालिकेने येथे स्वतःच्या नायिकेला आरोपी केले आहे. ही तिची प्रामाणिकता होय.

२०१८ साली मालिका पुन्हा सुरू झाली आणि मोठ्या प्रमाणावर पाहिली गेली. त्याच वर्षी २९ मे रोजी एबीसीने ती रद्द केली, कारण रोझॅन बार यांनी बराक ओबामा यांच्या माजी सल्लागार व्हॅलरी जॅरेट यांच्याविषयी वंशद्वेषी मजकूर समाजमाध्यमावर लिहिला होता. उरलेल्या कलावंतांनी 'द कॉनर्स' या नावाने तेच कुटुंब पुढे नेले. ती मालिका २०२५ पर्यंत चालली.

मग जुनी मालिका आपण कशी पाहावी? निर्माती आणि निर्मिती वेगळी असते, एवढे म्हणून हा प्रश्न सुटत नाही, कारण पात्राला तिचेच नाव आणि तिचाच आवाज आहे. परंतु मालिकेने दिलेली कसोटी आपण तिलाही लावू शकतो. साहेबावर केलेला विनोद आणि शतकानुशतके तुच्छ लेखल्या गेलेल्या समूहावर केलेला विनोद एकाच जिभेतून येऊ शकतात. म्हणून ते एकच ठरत नाहीत. पहिला कष्टकऱ्याला मान देतो, दुसरा दुसऱ्याचा मान हिरावून घेतो. हा फरक ओळखायला या मालिकेच्या चांगल्या भागांनीच प्रेक्षकांना शिकवले होते.

९. समारोप

'रोझॅन'चे आकर्षण केवळ वास्तवदर्शनात नाही. गरज, थकवा आणि कर्ज यांनी वेढलेल्या घरात विनोद हा त्या घराच्या मालकीचा राहतो, हे ती दाखवते. आणि त्या विनोदाने बिल भरले जात नाही, हेही लपवत नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यामुळे तिचे हसू खरे वाटते.

स्वाध्याय

१. सिटकॉममध्ये भागाच्या शेवटी सर्व पूर्ववत होण्याचा नियम 'रोझॅन' कोठे मोडते? मोटारसायकलच्या दुकानाच्या आधारे लिहा.

२. 'प्रेक्षक पात्रावर हसतो' आणि 'प्रेक्षक पात्राबरोबर हसतो' यांतील फरक दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.

३. तुमच्या भाषेतील कष्टकरी कुटुंबावरची एखादी विनोदी मालिका किंवा नाटक निवडा. त्यात विनोद कोण करतो आणि कोणावर, याची एका भागापुरती किंवा प्रवेशापुरती नोंद करा. या नोंदीवरून तुमचे मत दहा ओळींत मांडा.

४. कलावंताच्या वर्तनामुळे त्याच्या जुन्या कलाकृतीचे मूल्य बदलते का? या पाठातील मत तुम्हाला पटते की नाही, ते कारणांसह लिहा.