शिळ्या अन्नाचा तक्ता : उत्तर आहे, गणित कुठे आहे?

अन्नसंरक्षणाचा पाठ शिकवताना एक तक्ता बऱ्याचदा फळ्याशेजारी लावला जातो. डावीकडे पदार्थ, उजवीकडे दिवस. शिजवलेली भाजी, फ्रिजमध्ये ३ ते ४ दिवस, आमटी, तितकीच, लोणचे, वर्षभर. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि मोबाइलवरही असेच तक्ते फिरत असतात. विद्यार्थी ते पाठ करतात आणि घरी जाऊन सांगतात. या तक्त्याचे जरा कसून परीक्षण करावे असे आम्हांला वाटते. कारण त्यातील आकडे बरोबर असूनही त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकू शकतो, आणि इथे चूक म्हणजे केवळ एक गुण गमावणे नव्हे.

‘३ ते ४ दिवस’ हा आकडा अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सल्ल्यातही आहे. पण तिथे तो एकटा येत नाही. फ्रिजचे तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असावे, अन्न शिजल्यापासून २ तासांच्या आत आत जावे, आणि भोवतालचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर १ तासाच्या आत, अशा अटी त्याला जोडलेल्या आहेत. आपल्याकडच्या तक्त्यांत आकडा उतरला, अटी गळाल्या. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो, वीज जाते, फ्रिजचे दार दिवसभर उघडत असते. एका उदाहरणाचे उत्तर दुसऱ्याच उदाहरणाखाली लिहावे, तसे हे झाले.

मूळ गणित सातवीच्या विद्यार्थ्यालाही जमेल. समजा, खिरीच्या एका ग्रॅममध्ये वाढणाऱ्याच्या हातावरून स्टॅफिलोकॉकस जातीचे १०० जिवाणू आले आणि उबदार स्वयंपाकघरात ते दर अर्ध्या तासाला दुप्पट होऊ लागले. (प्रत्यक्षात हा वेग तापमानानुसार बदलतो आणि सुरुवातीला वाढ मंद असते, हिशेबासाठी आपण तो ठरवून घेऊ.) ५ तासांत १० वेळा दुप्पट, म्हणजे १,०२४ पट. १०० चे १,०२,४०० झाले. या जिवाणूंची संख्या ग्रॅमला लाखाच्या पुढे गेली, की त्यांनी सोडलेले विष माणसाला उलट्या करवण्याइतके होऊ शकते. आता ही खीर फ्रिजमध्ये ठेवली. ४ अंशांना या जिवाणूंची वाढ थांबते, पण तयार झालेले विष तसेच राहते. उकळल्याने जिवाणू मरतात, विष बहुतांशी टिकते. तक्ता म्हणतो, अजून ३ दिवस आहेत. पण खिरीचे दिवस फ्रिजबाहेरच्या ५ तासांतच संपलेले आहेत.

फोडणीच्या भाताचेही तसेच. तांदळात बॅसिलस सेरेअस या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवण्यातून वाचतात आणि पातेल्यातला भात तासन्‌तास कोमट राहिला तर रुजून वाढतात. त्यांचे उलट्या करवणारे विष फोडणीच्या आचेला दाद देत नाही. म्हणून फोडणीचा भात टाकून द्यावा असे नाही. तो रात्री किती लवकर गार झाला, हा खरा प्रश्न आहे. तक्त्यात या प्रश्नाला रकानाच नाही.

दुसरा आक्षेप तक्त्याखालच्या ‘खराब अन्नाच्या खुणा’ या यादीवर आहे. वास, चव, रंग, चिकटपणा. मराठीत यासाठी शब्दांची श्रीमंती आहे. अन्न आंबते, विटते, नासते, त्याला तार सुटते, बुरा येतो. पण हे सर्व शब्द नाकाला, जिभेला व डोळ्यांना कळणाऱ्या बदलांचे आहेत. वास आणणारे जिवाणू आणि आजारी पाडणारे जिवाणू बरेचदा वेगवेगळे असतात. वर सांगितलेल्या दोन्ही विषांना वास नाही, चव नाही. आंबूस वास आला तर अन्न टाकावे, हे योग्यच. वास आला नाही म्हणून खावे, हे त्यातून निघत नाही. तर्कशास्त्राचा हा साधा नियम यादीत मोडला जातो.

शिक्षकांसाठी तर हा मुद्दा थेट कामाचा आहे. शालेय पोषण आहार मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकांनी चाखून पाहावा असा नियम आहे. तो पाळलाच पाहिजे; कच्चेपणा, रॉकेलचा वास, विटलेली डाळ त्यातून कळते. पण ‘सरांनी चाखले’ म्हणजे अन्न सुरक्षित, असे कोणी मानू नये. चाखण्याइतकेच महत्त्वाचे आहे ते शिजवल्याची आणि वाढल्याची वेळ वहीत लिहिणे.

तिसरा आक्षेप ‘टिकाऊ पदार्थ’ या रकान्यावर. तिथे लोणचे टिकण्याचे श्रेय अनेकदा तेलाला दिले जाते. तेलामुळे हवा अडते व बुरशीला आळा बसतो, पण खरी राखण मीठ आणि आंबटपणा करतात. हवा नसणे काही जिवाणूंना उलट सोयीचे असते. १९८५ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे तेलात घातलेल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना बॉट्युलिझम झाला. बाटल्या फ्रिजबाहेर ठेवलेल्या होत्या. लसूण आंबट नाही, तेलाखाली हवा नाही. सामू ४.६ च्या खाली असता, तर हा जिवाणू तिथे वाढला नसता. ‘तेलात टिकते’ एवढेच शिकलेला विद्यार्थी नेमका इथे फसेल.

तक्त्याची बाजूही सांगितली पाहिजे. घाईच्या घरात कोणी दुप्पटीचे गणित मांडत बसत नाही. एक ढोबळ आकडा उपयोगी पडतो. पण हा आकडा फ्रिज असलेल्या घरापुरता आहे. ज्या घरी फ्रिज नाही, त्या घराला तक्ता फक्त ‘टाकून द्या’ म्हणतो. कोरडी भाकरी आणि पातळ खीर यांना एकाच न्यायाने तोलले, तर गरिबाघरची चांगली भाकरी उकिरड्यावर जाईल. जिवाणूंना वाढायला मोकळे पाणी लागते. शेंगदाण्याची कोरडी चटणी किंवा गुळपोळी प्रवासाला का नेतात, हे या एका तत्त्वावरून मुलांना समजते. वरणभात का नेत नाहीत, हेही.

म्हणून आमची सूचना अशी की तक्ता काढून टाकू नये, तो वर्गात पुन्हा लिहून घ्यावा. दिवसांच्या आधी चार रकाने असावेत : पदार्थात मोकळे पाणी किती, आंबटपणा-मीठ-साखर किती, बाहेर किती तास होता, आणि कोणत्या तापमानाला. सोबत दोन प्रयोग करता येतील. पाण्याच्या पेल्यात तापमापी बुडवून रात्रभर फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवावी; सकाळी वाचन ४ च्या वर असेल, तर घरच्या तक्त्यातले दिवस कमी करावे लागतील. दुसरा प्रयोग : तेवढीच गरम खिमट एका खोल पातेल्यात आणि एका पसरट परातीत ओतून दर दहा मिनिटांनी मधोमध तापमान नोंदवावे. घट्ट पदार्थात थराची जाडी दुप्पट झाली, तर मध्य गार व्हायला सुमारे चौपट वेळ लागतो. प्रयोगातले अन्न कोणी खाऊ नये, हे आधीच सांगावे.

ही नोंद हाती आली, की भात पातेल्यात झाकून ठेवण्याऐवजी पसरून लवकर गार का करायचा, हे मुले घरी कारणासह सांगू शकतील. ‘३ दिवस’ हे उत्तर त्यांना पाठ नसले तरी चालेल.