कडेचा अंधार

बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी मी सांगलीच्या घरासमोरचा १९७८ सालचा फोटो स्कॅन केला आणि त्याला 'व्हिन्येट' दिला. म्हणजे मधला भाग उजळ ठेवून कडा हळूहळू काळवंडत नेल्या. खुर्च्यांवरचे आजोबा-बाबा एकदम भारदस्त दिसू लागले. मी खूष! तिकडून आईचा फोन आला, "अरे, वन्सं कुठे गेल्या?"

आत्या होती, पण काळोखात. जिच्या घरी राहून मी पुण्यात इंजिनिअर झालो, ती.

तेव्हापासून या इफेक्टकडे मी जरा संशयानेच पाहतो. मुळात हा भिंगाचा दोष. कोपऱ्यांत प्रकाश तिरपा आणि कमी पोचतो. 'लाइटरूम'मध्ये हा दोष पुसणारी एक पट्टी आहे आणि गंमत म्हणजे तोच परत आणणारी दुसरीही! एकोणिसाव्या शतकातले स्टुडिओवाले प्रकाश आणि निगेटिव्ह यांच्या मधे लंबगोल भोकाचा पुठ्ठा धरून खांद्यांखालचा भाग पांढऱ्यात विरघळवत. तिथे एकच चेहरा असे, म्हणून ते शोभे. २०१० साली इन्स्टाग्राम आलं आणि तयार फिल्टरांतून हा काळोख घरोघरी पोचला.

माझी तक्रार आहे ती समूहाच्या फोटोंबद्दल. नजर उजेडाकडे जाते, म्हणून व्हिन्येट देणारा माणूस नकळत ठरवतो, की कोण महत्त्वाचं. आपल्या जुन्या फोटोंत मध्यभागी कर्ते पुरुष असत. राबणारी माणसं, दार, तुळशीवृंदावन, हे सगळं कडेला. परदेशात वाढलेल्या आपल्या मुलांना त्या घराची ओळख पटायची ती नेमकी याच कडांवरून.

व्हिन्येट देऊच नये असं मी म्हणत नाही. एकट्याच्या फोटोला जरूर द्यावा. 'अमाउंट' उणे दहा-पंधराच्या पुढे नेऊ नये, 'फेदर' भरपूर ठेवावा, म्हणजे काळोखाची कड जाणवत नाही. आणि समूहाचा फोटो असेल तर इफेक्ट चालू-बंद करून दोन्ही वेळा डोकी मोजावीत. मी ती मोजली नव्हती.

शेवटी मी पट्टी शून्यावर आणली आणि फोटो पुन्हा छापून घेतला. भारदस्तपणा गेला. आत्या मात्र आता दिसते, दाराच्या चौकटीला टेकलेली, जराशी हललेली.