उत्तीर्णतेच्या रेषेची शास्त्रीय तपासणी

शालान्त प्रमाणपत्रासाठी सर्वांना एकच प्रमाणित चाचणी सक्तीची असावी का? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने या प्रश्नाची दोन उलट उत्तरे दिली आहेत. १९९३ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने तेथे राज्यव्यापी चाचणी आली. २००३ च्या तुकडीपासून इंग्रजी व गणितात ठरलेली पातळी गाठल्याशिवाय प्रमाणपत्र मिळेनासे झाले. पुढे विज्ञानाचीही भर पडली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी कौल देऊन ही अट रद्द केली. चाचणी मात्र चालूच राहिली.

अट घालणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. गावागणिक शाळांचा दर्जा वेगळा होता. कायद्याने गरीब भागांतील शाळांना जादा निधी दिला आणि सर्वांसाठी समान निकष मागितला. आक्षेप आहे तो मापनाबद्दल.

थोडे गणित करू. समजा, चाचणीत एकेका गुणाचे ४० प्रश्न आहेत आणि उत्तीर्ण होण्यास २२ गुण हवेत. सरासरी ६० टक्के प्रश्न सोडवण्याइतकी तयारी असलेल्या मुलीकडून २४ गुण अपेक्षित आहेत. पण कोणते प्रश्न तिला साधले, त्या दिवशी मन किती स्थिर होते, यानुसार गुण वरखाली होतात. संभाव्यतेच्या नियमाने येथे प्रमाण विचलन सुमारे ३ गुण येते. म्हणजे पात्र असूनही ती साधारण पाचांतून एकदा नापास होईल.

यावर उपाय फेरपरीक्षेचा. मॅसॅच्युसेट्सनेही ती सोय ठेवली होती. आता २० गुणांचीच तयारी असलेला मुलगा घ्या. एका खेपेत तो उत्तीर्ण होण्याची शक्यता एक तृतीयांशाहून थोडी कमी आहे. परंतु नवे काहीही न शिकता तो पाच वेळा बसला, तर ती सुमारे ८५ टक्के होते! एकदाच परीक्षा घेतली तर अन्याय होतो, पुनःपुन्हा घेतली तर निकष ढिला पडतो.

यात माणसांच्या चुका धरलेल्याच नाहीत. मिनेसोटा राज्यात २००० साली गणिताच्या चाचणीचे गुण मोजताना चूक झाली आणि सुमारे ८,००० विद्यार्थी विनाकारण नापास ठरले. काहींचे प्रमाणपत्रही अडले.

तरीही अट काढल्याने सारे सुटले असे नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये आता विद्यार्थ्याने अभ्यासक्रम समाधानकारक पूर्ण केला की नाही, हे स्थानिक शिक्षण यंत्रणा ठरवते. एका गावचे ‘समाधानकारक’ दुसऱ्या गावी तसेच असेल याची खात्री नाही. मुलांना नीट न शिकवणारी शाळा या शब्दाआड लपू शकते.

येथेच चाचणीचा खरा उपयोग आहे. प्रत्येकाच्या दैवाचा भाग वेगळा असल्याने शंभर मुलांच्या सरासरीत ही यादृच्छिक त्रुटी दहापटीने घटते. जी मोजपट्टी एका मुलासाठी ढोबळ आहे, ती शाळेसाठी बरीच विश्वसनीय ठरते. तेव्हा चाचणी जरूर घ्यावी, पण तिचा जाब शाळेला आणि शासनाला विचारावा. मुलाचे प्रमाणपत्र तेवढ्यावर अडवू नये.

आपल्या दहावीच्या ३५ गुणांच्या रेषेलाही हे गणित लागू आहे. वर्गात करून पाहा. दहा चिठ्ठ्यांपैकी सहांवर खूण करा, प्रत्येक वेळी चिठ्ठी परत टाकून ४० वेळा उचला आणि खुणा मोजा. २२ पेक्षा कमी किती जणांच्या येतात, ते मुलांनाच सांगू द्या.